मानेवर तलवार असताना दिलेला शब्द

२३ ऑगस्ट १३०५ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये एका माणसावर खटला चालला. खटला म्हणायचं एवढंच. आरोप वाचले गेले, शिक्षा सुनावली गेली आणि त्याच दिवशी स्मिथफील्डला नेऊन, हालहाल करून त्याला मारलं गेलं. आरोपीचं नाव विल्यम वॉलेस. ‘ब्रेव्हहार्ट’ पाहिलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. पण सिनेमातल्या आरोळीपेक्षा, त्या दिवशीचं त्याचं म्हणून जे उत्तर नोंदलं गेलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाकीचे आरोप त्यानं नाकारले नाहीत. लढलो, मारलं, जाळलं, हे सगळं मान्य. फक्त एक आरोप त्यानं फेटाळला. इंग्लंडच्या राजाशी मी द्रोह केलेला नाही, असं तो म्हणाला.

त्याचं म्हणणं नीट पाहा. द्रोह करायला आधी निष्ठा असावी लागते. जो आपला कधी नव्हताच, त्याला फितूर कसं म्हणणार? शत्रू म्हणा हवं तर. नऊ वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या दीड हजारांहून जास्त लोकांनी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. त्या यादीत विल्यम वॉलेस नव्हता.

तरी मला अडकवून ठेवतो तो वॉलेस नाही. त्याचं प्रकरण नैतिकदृष्ट्या सोपं आहे. शपथ घेतली नाही, म्हणून मोडली नाही. अडकवतो तो दुसरा माणूस, रॉबर्ट ब्रूस. लहानपणी ऐकलेली राजा आणि कोळ्याची गोष्ट आठवते का? हरलेला राजा गुहेत बसलाय, समोर कोळी पुन्हा पुन्हा पडतोय आणि पुन्हा पुन्हा चढतोय, ते पाहून राजाला हुरूप येतो. गोष्ट दंतकथा आहे, पण राजा खरा आहे. तो हाच. कोळी किती वेळा पडला हे आपल्याला सांगितलं गेलं. राजानं किती वेळा शपथ मोडली, हे मात्र गोष्टीत कुठे येत नाही.

ब्रूसनं एडवर्डला शब्द दिला, फिरवला, पुन्हा दिला, पुन्हा फिरवला, आणि शेवटी तो स्कॉटलंडचा सर्वांत नावाजलेला राजा झाला. मग प्रश्न असा की धाकाखाली दिलेला शब्द बांधील असतो का? आणि नसेल, तर कुठला शब्द धाकाखालचा आणि कुठला सोयीचा, हे ठरवायचं कुणी?

शपथा गोळा करणारा राजा

मार्च १२८६ मध्ये एका वादळी रात्री स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून मेला. त्याची मुलं आधीच वारली होती. उरली होती ती नॉर्वेतली लहानगी नात, मार्गारेट. राज्य सांभाळायला सहा पालक नेमले गेले आणि मार्गारेटचं लग्न एडवर्डच्या मुलाशी ठरलं. त्या वेळी १२९० मध्ये बर्गम इथं जो करार झाला, त्यात एडवर्डच्या बाजूनं लिहून दिलं गेलं की दोन घराणी एक झाली तरी स्कॉटलंडचं राज्य वेगळं आणि स्वतंत्र राहील. त्याच वर्षी ती सात वर्षांची मुलगी नॉर्वेहून येताना ऑर्कनी बेटांवर वारली.

गादी रिकामी, दावेदार डझनभर. यादवी टाळायची म्हणून एडवर्डला पंच म्हणून बोलावलं गेलं. मे १२९१ मध्ये सीमेवरच्या नॉरम गावी तो आला आणि त्यानं आधी एक मागणी केली. निवाडा करतो, पण मी स्कॉटलंडचा सार्वभौम आहे हे पहिल्यांदा मान्य करा.

स्कॉट मंडळींनी दिलेलं उत्तर मला या संपूर्ण कथेतलं सर्वांत शहाणं विधान वाटतं. अशा कुठल्याही हक्काची आम्हाला माहिती नाही, असं ते म्हणाले. आणि असा प्रश्न विचारायचाच असेल तर त्याचं उत्तर फक्त आमचा राजा देऊ शकतो, आज आम्हाला राजा नाही, तेव्हा आम्ही उत्तर देऊ शकत नाही. यात शौर्याचा आव नाही. हो नाही, थेट नकारही नाही. जे आपल्या मालकीचं नाही ते आपण देऊ शकत नाही, एवढंच सांगणं आहे.

एडवर्डनं हे उत्तर बाजूला सारलं आणि दावेदारांना गाठलं. इथं त्याचा धूर्तपणा दिसतो. प्रत्येक दावेदाराला ठाऊक होतं की आपण नाही म्हटलं आणि शेजारच्यानं हो म्हटलं तर आपण शर्यतीतून बाद. सगळे मिळून नाही म्हणाले असते तर एडवर्ड अडचणीत आला असता. पण ‘सगळे मिळून’ हीच गोष्ट गादीच्या उमेदवारांमध्ये शक्य नसते. त्यांनी एडवर्डचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यात आपल्या ब्रूसचा आजोबा होता आणि जॉन बेलियलही होता. इथं कुणाच्या मानेवर तलवार नव्हती. भीती होती ती दुसरा पुढे जाईल याची. आजच्या तरुणाला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

नोव्हेंबर १२९२ मध्ये निकाल बेलियलच्या बाजूनं लागला. स्कूनला तो गादीवर बसला आणि महिन्याभरात त्यानं न्यूकॅसलला जाऊन एडवर्डसमोर मांडलिक म्हणून गुडघे टेकले. लगेच एडवर्डनं त्याच्याकडून बर्गमच्या वचनांतून स्वतःची सुटकाही लिहून घेतली. पुढच्याच वर्षी मॅकडफ नावाच्या एका असंतुष्ट सरदारानं बेलियलच्या न्यायाविरुद्ध एडवर्डकडे दाद मागितली आणि स्कॉटलंडच्या राजाला इंग्लंडच्या पार्लमेंटात साध्या प्रतिवादीसारखं उभं राहावं लागलं. माझ्या राज्यातल्या मंडळींना विचारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही, असं तो आधी म्हणाला. किल्ले जप्त करण्याची धमकी मिळाल्यावर नरमला.

मग १२९५ मध्ये स्कॉटलंडनं फ्रान्सशी तह केला. मार्च १२९६ मध्ये एडवर्डच्या फौजेनं बेरिक शहर घेतलं आणि तिथं मोठी कत्तल केली. एप्रिलमध्ये बेलियलनं एडवर्डला लेखी कळवलं की मी वाहिलेली निष्ठा तू जबरदस्तीनं उकळली होतीस, ती मी परत घेतो. डनबारच्या लढाईत त्याची फौज मोडली. जुलैमध्ये त्याला गादी सोडावी लागली आणि त्याच्या अंगरख्यावरचं राजचिन्ह उसवून काढलं गेलं. लोकांनी त्याचं नाव ‘रिकामा अंगरखा’ पाडलं. स्कूनचा राज्यारोहणाचा दगड एडवर्डनं वेस्टमिन्स्टरला नेला. स्कॉटलंडला तो परत मिळायला १९९६ साल उजाडलं. आणि ऑगस्ट १२९६ मध्ये, त्याच बेरिकमध्ये, वर सांगितलेल्या दीड हजारांहून जास्त निष्ठापत्रांचा हिशेब पुरा झाला. त्या दस्तऐवजाला ‘रॅगमन रोल’ म्हणतात. जिथं नुकतीच प्रेतं पडली होती, तिथं निष्ठा वाहून घेतली गेली.

विजेत्याला शपथ कशाला हवी असते, हा प्रश्न मला इथं पडतो. फौज त्याची, किल्ले त्याचे, तुरुंग त्याचे. मग कागद कशाला? मला वाटतं, फौजेची भीती फौज समोर असेपर्यंतच टिकते हे त्याला पक्कं माहीत असतं. शपथ म्हणजे ती भीती माणसाच्या आत नेऊन ठेवण्याची युक्ती. फौज निघून गेली तरी माणसानं स्वतःच स्वतःवर पहारा द्यावा, आणि पुढे त्यानं डोकं वर काढलंच तर त्याला शत्रू न म्हणता द्रोही म्हणता यावं. शत्रूला युद्धकैदी करावं लागतं. द्रोह्याला फाडून मारता येतं. वॉलेसच्या खटल्यात नेमकी हीच झटापट होती. एडवर्डची भूमिका अशी की राजानं शरणागती पत्करली, राज्य माझं झालं, तेव्हा वॉलेस जन्मानंच माझा प्रजाजन. दुसऱ्यानं टेकलेल्या गुडघ्यांनी वॉलेसही वाकला, असा हा हिशेब.

राजाला वेगळा न्याय

धाकातल्या शपथेचा प्रश्न मध्ययुगातल्या विद्वानांनी खूप चघळला होता. चर्चच्या कायद्यात कसोटी अशी होती की एखाद्या धीराच्या, खंबीर माणसालाही वाकवेल एवढी ती भीती होती का? ब्रूस ज्या वर्षी जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १२७४ मध्ये, वारलेला थॉमस अक्वायनस आणखी बारीक विचार करतो. त्याच्या मते अशा शपथेत दोन दोऱ्या असतात. एक ज्यानं धाक घातला त्याच्याकडे जाते. ती जबरदस्तीनं तुटलेलीच असते. दुसरी देवाकडे जाते, कारण नाव देवाचं घेतलंय. ती माणसानं आपली आपण तोडू नये, धर्माधिकाऱ्याकडून सोडवून घ्यावी. जवळपास चारशे वर्षांनी टॉमस हॉब्ज उलटं म्हणाला. चोराला जीव वाचवायला पैसे कबूल केलेत ना? मग कायदा आड येत नाही तोवर दिले पाहिजेत. भीतीनं केलेला करारही करारच, कारण जीव वाचणं हा मोबदला तुम्हाला मिळालाय.

हॉब्जचा युक्तिवाद ऐकायला कडक वाटतो. पण एडवर्डचीच वागणूक पाहिली तर कळतं की सत्ताधीश तो दुसऱ्यांसाठी राखून ठेवतात.

११७४ मध्ये स्कॉटलंडचा राजा विल्यम इंग्रजांच्या कैदेत पडला होता आणि सुटकेसाठी त्याला आपलं राज्य इंग्लंडच्या राजाच्या अधीन असल्याचं कबूल करावं लागलं होतं. ११८९ मध्ये इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डनं दहा हजार मार्क घेऊन त्याला त्यातून मोकळं केलं, आणि त्या सनदेत स्वतःच्या बापानं हे कैदेचा फायदा घेऊन उकळलं होतं असं लिहून दिलं. म्हणजे धाकातली कबुली सोडता येते हे इंग्लंडच्या दरबाराला शंभर वर्षांपासून माहीत होतं. किंमत योग्य हवी, इतकंच.

खुद्द एडवर्डचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. १२९७ मध्ये, वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रज फौज बुडवली त्याच शरद ऋतूत, इंग्लंडमधले उमराव करांवरून भडकले होते. अडचणीत सापडलेल्या एडवर्डला मॅग्ना कार्टाची वचनं पुन्हा मान्य करावी लागली आणि वाढीव कर संमतीशिवाय घेणार नाही असंही कबूल करावं लागलं. दिवस फिरले. पोपच्या गादीवर पाचवा क्लेमेंट आला, जो आधी एडवर्डच्याच फ्रान्समधल्या मुलखात आर्चबिशप होता. २९ डिसेंबर १३०५ रोजी या पोपनं फर्मान काढून एडवर्डला त्या वचनांतून मुक्त केलं. सबब तीच. राजा संकटात असताना दबावाखाली दिलेला शब्द.

वॉलेसला मारून चार महिने झाले होते. आणि त्या फर्मानानंतर सहा आठवड्यांनी ब्रूसनं एडवर्डला दिलेला शब्द शेवटचा मोडला.

एडवर्डच्या थडग्यावर नंतरच्या काळात कुणीतरी लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. त्यात त्याला स्कॉटांवरचा हातोडा म्हटलंय, आणि पुढे दोन शब्दांची आज्ञा आहे: दिलेला शब्द पाळ. ती आज्ञा नेमकी कुणाला, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ब्रूसची वजाबाकी

एवढ्यावरून ब्रूस निर्दोष सुटतो असं मला म्हणायचं नाही. सत्तेनं लबाडी केली म्हणून आपली लबाडी धुतली जात नाही. त्याच्या शपथा एकेक करून पाहिल्या पाहिजेत.

१२९६ ची बेरिकमधली शपथ: सगळ्यांबरोबर, रक्त वाळलं नव्हतं तेव्हाची. ती सोडून देऊ. १२९७ मध्ये त्याच्यावर संशय आला म्हणून त्याला कार्लाइलला बोलावून पवित्र प्रसादावर आणि संत थॉमस बेकेटच्या तलवारीवर हात ठेवून पुन्हा शपथ घ्यायला लावली. गिझबरोचा वॉल्टर या इंग्रज बखरकारानं पुढची हकिकत दिली आहे. ब्रूसनं बापाच्या जहागिरीतले लोक जमवले आणि सांगितलं की ती शपथ मी जिवाच्या भीतीनं घेतली, त्याबद्दल मी पापमुक्ती मागेन, पण मला माझ्या माणसांच्या बाजूनं जायचंय, तुम्हीही चला. लोक म्हणाले, सकाळी सांगतो. आणि रात्रीतून घरी पळून गेले.

मला त्या पळून गेलेल्या माणसांविषयी बखरकारापेक्षा जास्त आदर वाटतो. त्यांच्या मालकाला दोन निष्ठांतली एक निवडण्याची चैन होती. त्यांना शेतं, बायकापोरं आणि दोन्ही बाजूंच्या फौजा होत्या.

इथपर्यंत ब्रूसची बाजू समजते. अवघड आहे ते १३०२. त्या वर्षी तो आपणहून एडवर्डकडे परत गेला. त्या दिवसांत बेलियल फ्रान्सच्या मदतीनं परत येईल अशी चिन्हं होती. बेलियल आला तर ब्रूस घराण्याचा गादीवरचा दावा संपला. म्हणजे हा हिशेब होता, धाक नव्हता. आणि त्याचं फळही मिळालं: त्याच वर्षी एडवर्डच्या मर्जीतल्या अल्स्टरच्या अर्लच्या मुलीशी, एलिझाबेथशी, त्याचं लग्न झालं. पुढे एअर आणि लॅनार्कची अधिकारपदं मिळाली. १३०४ मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्याला एडवर्डनं वेढा घातला तेव्हा ब्रूस त्याच्या छावणीत होता. त्याच वेढ्यादरम्यान, ११ जूनला, त्यानं बिशप लॅंबर्टनशी एकमेकांना साथ देण्याचा गुपचूप करार केला.

आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, इंग्रजांनीच केलेला. त्यात जबरदस्तीनं घेतलेली संमती आपोआप रद्द ठरत नाही. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्यानं म्हटलं, तर करार रद्द करता येतो. आणि रद्द करणाऱ्यानं त्या करारातून मिळवलेला फायदा परत करायचा असतो. कायद्याची ही जोडी मला नीतीच्या दृष्टीनंही बरोबर वाटते. सुटायचा हक्क आहे, पण खाल्लेलं परत ठेवून सुटायचं. १२९७ च्या शपथेतून ब्रूस फक्त आपला जीव घेऊन निघाला. १३०२ च्या शपथेतून तो लग्न, पदं आणि चार वर्षांची सुरक्षितता घेऊन निघाला. दोन्हींना ‘धाक’ हा एकच शब्द वापरणं म्हणजे पहिल्या शपथेच्या खऱ्या वेदनेवर दुसरीचं कर्ज फेडणं.

आपण सगळेच हे करतो. नोकरीचा बॉंड, प्रवेशाच्या वेळचं हमीपत्र, घरच्यांना दिलेला शब्द. काही ठिकाणी खरंच दुसरा दरवाजा नसतो. काही ठिकाणी दरवाजा असतो, पण आत जेवण चांगलं असतं. वर्षांनंतर गोष्ट सांगताना आपण दोन्हींचं वर्णन ‘पर्याय नव्हता’ असंच करतो.

बिल कुणाच्या नावावर

आणखी एक गोष्ट विद्वानांच्या चर्चेत हरवते. ते शपथ घेणारा आणि घ्यायला लावणारा अशा दोघांचाच विचार करतात. फार तर देव तिसरा. प्रत्यक्षात आजूबाजूला माणसं उभी असतात.

१३०४ मध्ये जॉन कॉमिन शरण आला. ब्रूस एडवर्डच्या छावणीत होता त्या वर्षांत स्कॉटलंडचा लढा चालवला तो याच कॉमिननं, गादीवरून उतरवलेल्या बेलियलच्या नावानं. त्यानं घासाघीस करून बऱ्या अटी मिळवल्या: जीव वाचेल, जमिनी दंड भरून परत मिळतील, अलेक्झांडरच्या काळातले कायदे चालू राहतील. वॉलेसला त्यातून वगळलं होतं. शरण आलेल्या काही सरदारांना तर असं सुचवलं गेलं की वॉलेसला पकडण्यात जो मेहनत घेईल त्याची शिक्षा हलकी होईल. पुढच्या वर्षी वॉलेसला पकडून दिलं ते एका स्कॉटानंच. सत्ता शपथ घेते तेव्हा तिला नुसती तुमची निष्ठा नको असते. ज्यानं शपथ घेतली नाही त्याला पकडणारे तुमचे हातही हवे असतात.

१० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीसच्या चर्चमध्ये ब्रूस आणि कॉमिन भेटले. भांडण झालं आणि ब्रूसनं वेदीपाशी कॉमिनवर वार केला. तो तिथंच मारला गेला. भांडण कशावरून झालं याच्या दोन्ही बाजूंनी नंतर आपापल्या सोयीच्या कहाण्या झाल्या. सहा आठवड्यांत ब्रूस स्कूनला राजा झाला. ग्लासगोच्या विशार्ट या वृद्ध बिशपनं त्याला पापमुक्त केलं. हा विशार्टही एडवर्डला पुन्हा पुन्हा शपथ देऊन मोडणाऱ्यांतला. चर्चच्या घंटाघरासाठी म्हणून एडवर्डनं दिलेलं लाकूड त्यानं एडवर्डच्याच किल्ल्यांविरुद्ध वेढ्याची यंत्रं बनवायला वापरलं, असा त्याच्यावर आरोप होता. मला ही तक्रार वाचून हसू येतं, आणि मग आठवतं की त्यासाठी विशार्ट आठ वर्षं कैदेत राहिला आणि आंधळा होऊन सुटला.

बाकीची यादी अशी. ब्रूसचा भाऊ नील बेरिकला मारला गेला. थॉमस आणि अलेक्झांडर हे भाऊ कार्लाइलला. पत्नी एलिझाबेथ आठ वर्षं कैदेत. बहीण मेरी रॉक्सबर्गच्या किल्ल्यात पिंजऱ्यात. आणि बुखनची काउंटेस इसाबेला. स्कॉटलंडच्या राजाला आसनावर बसवण्याचा मान फाइफच्या घराण्याचा. ती त्या घराण्यातली. तिचा नवरा कॉमिनांपैकी, ब्रूसचा वैरी. ती नवऱ्याला सोडून स्कूनला आली आणि तिनं ब्रूसला आसनावर बसवलं. एडवर्डनं तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं. जवळपास चार वर्षं.

इसाबेलानं एडवर्डची शपथ मोडली म्हणून तिला पिंजरा मिळाला नाही. दुसऱ्यानं मोडलेल्या शपथेचं बिल तिच्या नावावर फाडलं गेलं. पिंजरा घडवला एडवर्डनं, क्रौर्याची जबाबदारी त्याचीच. तिथं मी ब्रूसला उभं करत नाही. पण एडवर्ड काय करू शकतो हे ब्रूसला माहीत होतं. बेरिक त्यानं पाहिलं होतं. म्हणून शब्द मोडण्याआधी माणसानं विचारायचा खरा प्रश्न मला असा वाटतो: मी मोकळा झाल्यावर पिंजऱ्यात कोण जाईल, आणि त्याला मी विचारलंय का? इसाबेला स्वतःहून आली होती, हे ब्रूसच्या बाजूनं. कॉमिनला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या विरुद्ध.

अटीसकट निष्ठा

१३१४ मध्ये ब्रूसनं बॅनकबर्नला एडवर्डच्या मुलाचा पराभव केला, तरी पोपच्या लेखी तो चर्चमध्ये खून करणारा बहिष्कृतच होता. ६ एप्रिल १३२० ही तारीख घालून स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. ‘आर्ब्रोथची घोषणा’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. मजकुरात ३९ अर्ल आणि सरदारांची नावं आहेत. ब्रूस आमचा राजा आहे तो दैवी योजनेनं, वारसाहक्कानं आणि आमच्या संमतीनं, असं त्यात म्हटलंय. आणि पुढे: जर त्यानं हे काम सोडून आम्हाला इंग्रजांच्या अधीन करायचं ठरवलं, तर आम्ही त्याला शत्रू समजून हाकलू आणि आमचं रक्षण करील असा दुसरा राजा करू.

या वाक्यामागचं राजकारण उघड आहे. बेलियलला सोडून ब्रूसला धरणं योग्य होतं हे मागाहून सिद्ध करायची ती सोय होती. तरीही मला ते वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात निष्ठा कुठे संपेल हे निष्ठा देतानाच सांगितलंय. एडवर्डनं घेतलेल्या शपथांना शेवट नव्हता, म्हणून प्रत्येकाला तो मनातल्या मनात लिहावा लागला. आपल्याला लहानपणापासून भीष्माची प्रतिज्ञा थोर म्हणून शिकवली जाते, आणि त्याच गोष्टीत ती प्रतिज्ञा कुळाला कुठं घेऊन गेली हेही दिसतं. अट नसलेला शब्द थोर दिसतो, पण त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरा कुणी भरतो.

ही अट सरदारांना खरोखर वापरता येणार होती का? चारच महिन्यांनी, ऑगस्ट १३२० मध्ये, स्कूनच्या पार्लमेंटात ब्रूसविरुद्धच्या कटाचा खटला चालला. विल्यम सूल्स, रॉजर मोब्रे, डेव्हिड ब्रेकिन. तिघांचीही नावं आर्ब्रोथच्या पत्रात होती. मोब्रे आधीच मेला होता. त्याचं प्रेत न्यायासनासमोर आणलं गेलं. सूल्सला जन्मभर कैद. ब्रेकिनला मृत्युदंड.

ब्रेकिनची हकिकत साधारण १३७५ मध्ये जॉन बार्बर या कवीनं ब्रूसवरच्या दीर्घकाव्यात दिली आहे. हा कवी ब्रूसचा भक्त, म्हणून त्याची ही साक्ष मला जास्त वजनदार वाटते. तो सांगतो की कटवाल्यांनी आधी ब्रेकिनला गुप्ततेची शपथ घातली आणि मग बेत सांगितला. ब्रेकिनला तो पटला नाही. तो कटात सामील झाला नाही. पण तोंड उघडलं तर शपथ मोडते, म्हणून गप्प राहिला. त्या गप्प राहण्याबद्दल त्याला मारलं गेलं. इंग्रम द अम्फ्रविल नावाच्या सरदारानं त्याच्या दफनाची परवानगी मागितली, आणि मग राजाचा निरोप घेऊन तो देश सोडून गेला.

न कळता घेतलेली शपथ ब्रेकिननं पाळली. समजून उमजून घेतलेल्या शपथा मोडून राजा झालेल्या माणसाच्या राज्यात त्याला त्याबद्दल मरण आलं. ब्रूसची बाजूही आहे. कट सफल झाला असता तर पुन्हा बेलियलांचं घराणं, पुन्हा इंग्रज फौज, पुन्हा बेरिक. १३२८ मध्ये इंग्लंडनं स्कॉटलंडचं स्वातंत्र्य लेखी मान्य केलं, ते हा राजा टिकला म्हणून. पण ब्रेकिनची अडचण ब्रूसइतकी कुणालाच समजायला नको होती. दोन शब्दांमध्ये चिरडलं जाणं म्हणजे काय, हे त्यानं कार्लाइलला तलवारीवर हात ठेवताना अनुभवलं होतं.

मला यातून मिळालेलं उत्तर मर्यादित आहे. धाकानं घेतलेला शब्द मोडायचा हक्क माणसाला आहे. त्या शब्दातून मिळालेलं परत ठेवायला हवं, आणि तो मोडल्यावर ज्यांच्यावर कोसळेल त्यांना आधी विचारायला हवं. आणि उद्या आपल्या हातात सत्ता आली, मग ती घरातली असो, ऑफिसातली किंवा देशाची, तर दुसऱ्याच्या धाकातल्या शब्दाकडे आपण आपल्या शब्दाकडे पाहिलं त्याच नजरेनं पाहायला हवं. ब्रूसची खरी परीक्षा १३०६ मध्ये नव्हती असं मला वाटतं. ती १३२० मध्ये होती, आणि त्या दिवशी तो एडवर्डच्या खुर्चीत बसला होता.